दोन एकर आणि अडीचशे मीटर

आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे असेल, पण "अमक्यावर नेटवर काय मिळेल गं?" असं कोणी विचारलं की मला अजून हुरूप येतो. सध्या विचारणारी घरातलीच आहे. माझी भाची बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि मातीच्या प्रेमात पडलेली. नाशिकला माझ्याकडेच राहते, त्यामुळे आमच्याकडे चहाबरोबर रोज मातीच असते.

सुरुवात अमेरिकन कृषी खात्याच्या 'कीज टू सॉइल टॅक्सॉनॉमी'पासून झाली. २०२२ ची तेरावी आवृत्ती फुकट उतरवून घेता येते. उघडल्यावर मात्र छाती दडपते. जगातल्या माती बारा गणांत बसवल्या आहेत आणि नावं अशी की जीभ अडखळावी. मग एके दिवशी लक्षात आलं की ही तर आपल्या समासांसारखी उलटीकडून सोडवायची! 'हॅप्लस्टर्ट' घ्या. शेवटचा 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, आपली काळी भारी जमीन. मधला 'अस्ट' म्हणजे पाऊस ठरावीक महिने, बाकी कोरडं. 'हॅप्ल' म्हणजे साधी. व्हर्टिसॉल ठरायला किमान तीस टक्के चिकणमाती हवी, उन्हाळ्यात भेगा पडून पावसात मिटायला हव्यात, आणि आत मातीवर माती घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग दिसायला हवेत. निफाडच्या शेतकऱ्याला यातली भेगांची गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही.

मराठी शब्दांसाठी शासनाच्या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर कृषिशास्त्राचा परिभाषा कोश आहे, तो खूप उपयोगी पडला. पण चोपण, बरड, मुरमाड, पोयटा हे शब्द तिला आधीपासून येतच होते. अडला तो वाफसा. पुस्तकातलं 'फील्ड कपॅसिटी' जवळ येतं, पण वाफसा म्हणजे पाण्याचा आकडा नव्हे, तो मुठीत माती दाबून कळतो. असो.

मला स्वतःला सर्वांत आवडलं ते 'कृषिकोश'. कृषी विद्यापीठांतले प्रबंध तिथे ठेवलेले आहेत, राहुरीचेही. सगळे उघडत नाहीत, उघडतात तेही स्कॅन केलेले, कुठे पान तिरकं. पण आपल्या भागातली माती तिथेच भेटते. परदेशी पाठ्यपुस्तकात काळ्या मातीला दोन पानं, आणि इथे एकाने एका तालुक्यात खड्डे खणून सगळं आयुष्य घातल्यासारखं लिहिलेलं. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोचं 'भूमी' हे पोर्टलही आहे, नकाशे पाहायला चांगलं.

आता मुद्द्याची गोष्ट. दादाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या मनात गेल्या वर्षी निफाडकडच्या दोन एकरांत द्राक्षबाग लावायचं होतं. कर्ज काढून. मांडव, ठिबक, रोपं, खर्च काही लाखांत. भाचीने हौसेने नेदरलँड्सच्या आयएसआरआयसी संस्थेचं 'सॉइलग्रिड्स' उघडलं, आमच्या गटावर बोट ठेवलं, आणि सामू, चिकणमाती, सेंद्रिय कर्ब सगळं समोर! दादा खूश. म्हणाला, "संगणकच सांगतोय, मग अडलंय कुठे?"

ती गप्प होती. रात्री मला म्हणाली, "आत्या, यातला एक चौकोन अडीचशे मीटरचा आहे. म्हणजे सव्वासहा हेक्टर, पंधरा एकरांच्या वर. त्यात आपले दोन एकर कुठे दिसणार? आणि हा मोजलेला आकडा नाहीच, जगभरच्या नमुन्यांवरून काढलेला अंदाज आहे." संकेतस्थळावर तसं स्पष्ट लिहिलेलंही आहे, फक्त ते वाचावं लागतं.

मृदा आरोग्य पत्रिका होती घरात. २०१५ साली सुरू झालेली ही योजना, बारा घटक तपासते. पण बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, आणि त्या बारांत मुक्त चुन्याचा रकानाच नाही. द्राक्षाला तर तोच नडतो. चुनखडीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, मग कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलं तरी जमीन काय आहे ते आधी माहीत असावं लागतं.

वडिलांना "थांबा" म्हणणं सोपं नसतं, आणि त्यात आमचा दादा! पण पोरीने दिवाळीच्या सुट्टीत दोन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्यायला लावले. थरावर पातळ आम्ल टाकलं. विहिरीकडच्या खड्ड्यात जेमतेम बुडबुडे. बांधाकडच्या खड्ड्यात दोन फुटांखाली असं फसफसलं की दादा मागे सरकला. खाली पांढरे खडे दिसतच होते म्हणा.

नंतर दोन्हीकडचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत प्रयोगशाळेत गेले, चुनखडीची तपासणी वेगळी सांगून. अहवाल तसाच आला. विहिरीकडचा एकर या वर्षी लावला, कर्जही अर्धंच काढलं. दादा तिला काही बोलला नाही. फक्त शेजारच्या मळ्यातले दोघं माती घेऊन आले, तेव्हा त्याने त्यांना परस्पर तिचाच नंबर दिला. बांधाकडे सध्या कांदा आहे.