टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

गाडी चालून चालून झिजते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती नुसती उभी राहूनही बिघडते, आणि कधी कधी जास्तच बिघडते, हे गॅरेजवाल्याच्या घरात वाढलं की कळतं. मी त्याच घरातली. आमचं गॅरेज बीदरला आहे. कॉलेज सुटलं की मी तिथं हिशोब लिहायला बसते आणि हिशोब कमी असला की पान्हे द्यायला उठते.

अप्पा मूळचे मोटरसायकलचे मिस्त्री. कार्बोरेटर उघडून, फुंकून, पुन्हा बसवणं हा त्यांच्या हातचा खेळ. पण एप्रिल 2020 पासून बीएस-6 चा नियम आला, नव्या मोटरसायकलींना इंजेक्शन आलं आणि ते तपासायला स्कॅनर लागू लागला. अप्पांच्या हाताचं काम हळूहळू कमी होत चाललंय. ते बोलून दाखवत नाहीत, पण वही माझ्याकडे असते, मला आकडे दिसतात.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात भालकीकडचे एक रिटायर सर टेम्पोत घालून स्टँडर्ड हेराल्ड घेऊन आले, तेव्हा मला आनंद झाला. दोन दारांची, छोटी, देखणी गाडी. सरांच्या वडिलांची. बावीस वर्षं गोठ्याच्या एका कोपऱ्यात उभी. सर म्हणाले, "अर्धी स्पोर्ट्स कारच आहे ही." त्यात खोटं काही नव्हतं. ही इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, इटलीच्या मिकेलोत्तीनं आखलेली, आणि 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं इथं बनवलेली. हिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं 1962 मध्ये स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार काढली. बॉनेट उचललं की मडगार्डासकट गाडीचं सगळं तोंडच पुढं उघडतं. गल्लीतली पोरं तेवढंच बघायला यायची.

सरांना घाई होती. रविवारी मुलगा पुण्याहून येणार होता. त्याचं म्हणणं होतं, गाडी चालत असेल तर ठेवू, नाहीतर भंगारात देऊन जागा मोकळी करू. सर अप्पांना म्हणाले, "मिस्त्री, नवं पेट्रोल टाका आणि एकदा चालू करा. बाकीचं मागनं बघू."

अप्पा म्हणाले, "सर, चालू हुईल बी. पण तिला आग लागली तर मी काय सांगू तुम्हाला?"

मला तेव्हा हे जरा जास्तच वाटलं. मग त्यांनी पंपाजवळची रबरी नळी काढली आणि ब्लेडनं उभी चिरली. बाहेरनं ठीक दिसत होती. आतून तिचा भुगा होत होता. ही नळी तापलेल्या इंजिनाच्या शेजारून जाते. फुटली तर पेट्रोल थेट सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडणार. हातातली संधी जाईल हे माहीत असूनही अप्पा घाईला 'नाही' म्हणाले. सर नाराज झाले, पण गाडी ठेवून गेले.

काम टाकीपासून सुरू झालं. बीदरच्या लोकांना हा क्रम समजावून सांगायला सुरंग बावी पुरे. नौबादजवळ जमिनीखालून पाणी आणणारी ही करेझ बहामनी काळातली. ती गाळानं बुजली होती. अलीकडे गाळ काढला तेव्हा आत पुन्हा पाणी दिसलं. वरच्या अंगाला गाळ तसाच ठेवून खालचं तोंड कितीही साफ करा, पुन्हा बुजणारच. पेट्रोलचंही तसंच. कार्बोरेटर चकचकीत केला आणि टाकी तशीच ठेवली, तर दोन दिवसांत जंग पुन्हा जेटमध्ये.

हेराल्डची टाकी मागं डिकीत एका बाजूला असते. झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाहीच, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट डिंक होतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा धरतो, त्यानं पत्रा गंजतो. आम्ही टाकीत नट आणि बारीक खडी घालून दोन दिवस आळीपाळीनं हलवली. मग जंग काढायचं ॲसिड, मग पाणी, मग सुकवणं. तळाला एक बारीक भोक निघालं.

ते भोक बुजवायला मी टाकी घेऊन शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "पयले पानी भरके लाव बेटा, ऐसा नक्को." रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र असतात, ठिणगी पडली की स्फोट. टाकी पुन्हा पुन्हा धुतली, भोक वर येईल अशी धरून पाण्यानं भरली, मगच चाचांनी गॅस पेटवला.

तांब्या-पितळेचं सगळं साफ झालं, पण रबर आणि कॉर्क एकही ठेवला नाही. याला आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी 2023 पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या काळच्या रबराला, कॉर्कच्या पॅकिंगला ते मानवत नाही. मोटरसायकलला लावतो ती साधी पारदर्शक नळी गॅरेजात गुंडाळीनं पडलेली होती. अप्पांनी ती घेतली नाही. इथेनॉल चालणारी नळी हैदराबादहून मागवली. ती यायलाच चार दिवस गेले.

पंपावरून मात्र वाद झाला. माझं म्हणणं, विजेचा पंप बसवू, पटकन चालू होईल. सरांना त्याची भीती वाटत होती. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी देणारा 2021 चा नियम त्यांनी वाचला होता. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, अशी त्यात अट आहे. अप्पांचं कारण वेगळंच होतं. जुना पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतो. इंजिन थांबलं की तो थांबतो. विजेचा पंप साधाच जोडला, तर गाडी ठोकली, नळी तुटली तरी तो पेट्रोल ढकलतच राहतो. त्याला वेगळा कटऑफ लागतो. मी गप्प बसले. जुन्या पंपालाच नवा डायफ्रॅम घातला, फिल्टर बसवला, सोलेक्स कार्बोरेटरची सुई आणि सगळी पॅकिंग बदलली.

रविवार आला तेव्हा गाडी सुट्या भागांत पडलेली होती. सरांचा मुलगा आला, त्यानं घड्याळ बघितलं. अप्पांनी काही बोलायच्या आधी ती चिरलेली नळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती बोटांनी चोळली, बोटं काळी झाली. मग टाकीतून निघालेल्या जंगाची बादली बघितली. बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी विचारलं, "अजून किती दिवस लागतील, काका?" भंगाराचा विषय त्यानं काढला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पंपाचा छोटा दांडा हातानं हलवून अप्पांनी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चढवलं. नव्या नळीचा एकेक सांधा कोरड्या फडक्यानं पुसून ओल येते का ते बघितलं. आग विझवायचा सिलेंडर माझ्या हातात होता. सेल्फ तिसऱ्यांदा मारला आणि इंजिन धडधडलं, आधी अडखळत, मग सलग. सर बोनेटपाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा.

बिल मी लिहिलं. सामानाचे पैसे जास्त, मजुरी कमी. मजुरी थोडी वाढवू का, म्हणून अप्पांकडे बघितलं, तर ते म्हणाले, "खाली लिही. महिन्यातनं एकदा चालवायची. नुसती चालू करून बंद करायची न्हाई, गरम हुईपर्यंत फिरवायची. लई दिवस ठेवायची असंल तर पेट्रोल काढून ठेवायचं."

तेवढं लिहिलं, आणि अप्पांना न विचारता मजुरीही वाढवली.