दाराची खोड आणि हाताची सवय

बिघडलेलं कुलूप बघायला गेलो, की मी हत्यारांची पिशवी बाजूला ठेवतो आणि घरातल्याच कुणाला तरी दार लावून-उघडून दाखवायला सांगतो. त्यांचा हात काय करतो, खांदा दाराला कुठे टेकतो, पाय फळीच्या खाली कसा जातो, हे बघत उभा राहतो. कुणी किल्ली पूर्ण आत घालून केसभर मागे घेतं. कुणी मूठ वर उचलतं. कुणी दार स्वतःकडे ओढून धरतं आणि मगच किल्ली फिरवतं. विचारलं तर आजी म्हणतात, "तसं काही नाही रे बाबा, जरा उचलून धरायचं, की लागतं."

त्या 'जरा'मध्ये निम्मं निदान झालेलं असतं.

कुलूप एका रात्रीत बिघडत नाही. ते महिनोन्‌महिने सांगत असतं. पण घरातली माणसं समजूतदार असतात. कुलपाने जरा हट्ट केला, की त्यांचा हात नवी युक्ती शिकतो. ती युक्ती आठवड्याभरात अंगवळणी पडते आणि बिघाड दिसेनासा होतो. मग कधीतरी माहेरी आलेली लेक रात्री बाहेर ताटकळते, किंवा शेजारच्या काकूंकडे दिलेली किल्ली ऐन वेळी फिरत नाही, तेव्हा लोक म्हणतात, "कालपर्यंत चांगलं होतं हो." कालपर्यंत कुलूप चांगलं नव्हतं, हात चांगला होता. इतकी वर्षं कोकणातल्या दारांचं काम करून मला पटलेली गोष्ट हीच आहे: दुरुस्ती म्हणजे हाताला लागलेली ही सवय ओळखायची आणि तिची गरजच उरणार नाही असं दार करून द्यायचं.

पहिली परीक्षा सोपी आहे आणि ती कुणालाही घरी करता येते. दार सताड उघडं ठेवायचं आणि उघड्या दारातच किल्ली फिरवायची. बोल्ट सुळकन बाहेर आला आणि तसाच आत गेला, तर कुलूप निर्दोष आहे. दोष दारात, बिजागरीत किंवा चौकटीत आहे. ज्या कुलपांसाठी मला बोलावणं येतं, त्यांतली पुष्कळशी इथेच निर्दोष ठरतात. अशा वेळी नवं कुलूप बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नवा बोल्ट त्याच जागी अडणार आणि दोन महिन्यांत त्याच्याही तक्रारी सुरू होणार.

बोल्ट नेमका कुठे अडतो हे डोळ्यांना दिसत नाही, कारण दार लागलं की ते सगळं झाकलं जातं. म्हणून मी बोल्टच्या टोकाला खडू फासतो. दार लावून किल्ली हलकेच फिरवतो, अडलं की परत घेतो आणि दार उघडून चौकटीवरची लोखंडी पट्टी बघतो. बोल्ट जिथे आपटला तिथे पांढरा ठसा उमटलेला असतो. ठसा भोकाच्या खालच्या काठावर असेल, तर दार खाली बसलंय. वरच्या काठावर असेल, तर चौकट हललीय किंवा आधीच्या कारागिराने पट्टी चुकीच्या जागी मारलीय. बाजूच्या काठावर असेल, तर दार चौकटीला पुरतं टेकत नाही. रंगाचे थर चढलेत, नाहीतर फळी वाकलीय. फरक बहुतेकदा एक-दोन मिलिमीटरचाच असतो. तेवढा असेल तर पट्टीचं भोक कानशीने घासून वाढवता येतं. जास्त असेल तर पट्टी काढून जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवावी लागतात आणि पटाशीने नवी खाच करून ती नीट बसवावी लागते.

पण खालच्या काठावर ठसा दिसला, की कानस हातात घेण्याआधी वरची बिजागरी बघावी. दाराचं वजन फळीला वरच्या बाजूला चौकटीपासून दूर ओढत असतं, आणि हा ताण सगळ्यात आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू सोसतात. भोकं मोठी होतात, स्क्रू नुसते गरगर फिरतात, फळी कुलपाच्या बाजूला खाली झुकते. घरचे म्हणतात तो 'जरा उचला' इथून आलेला असतो. इथला इलाज स्वस्त आहे. स्क्रू काढायचा, भोकात फेव्हिकॉल लावलेली सागाची खुंटी ठोकायची, वाळू द्यायची, आणि मग पहिल्यापेक्षा लांब स्क्रू मारायचा म्हणजे तो चौकटीच्या धड लाकडात जाऊन पकडेल. एवढं केलं, की पुष्कळदा कुलपाला हात न लावताच दार पुन्हा लागायला लागतं.

आता पावसाची गोष्ट. आमच्याकडे जूनमध्ये हवेत पाणी भरतं आणि लाकूड ते पिऊन घेतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते आडव्या अंगाने, म्हणून फळी रुंद होऊन चौकटीला घासते. सागाला हे कमी होतं, साध्या फ्लश दाराला जास्त. लोक मग श्रावणात सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. दार त्या दिवशी छान लागतं, पण माघात हवा कोरडी झाली की फळी आकसते आणि तिथे एवढी फट पडते, की बोल्ट भोकात पुरता पोचत नाही. भर पावसात जिथे घासतंय तिथे पॉलिश पेपरने हलकं घासावं, खरा रंधा दिवाळीनंतर लाकूड सुकल्यावर मारावा. आणि दार उतरवलंच असेल तर त्याच्या वरच्या आणि खालच्या काठाला रंग लावून घ्यावा. दाराच्या दोन्ही बाजूंना पॉलिश असतं, पण हे दोन काठ कोणाला दिसत नाहीत म्हणून कोरे राहतात, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. बाथरूमच्या दाराचा खालचा काठ तर हमखास कोरा सापडतो.

उघड्या दारातही किल्ली जड जात असेल, तर मात्र दोष कुलपात किंवा किल्लीत आहे. घरातली बहुतेक कुलपं दोनच जातींची. एक लिव्हरची, दुसरी पिनांची. लिव्हरच्या कुलपात पितळी पट्ट्या एकावर एक असतात. किल्लीने प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीइतकीच उचलायची, कमी नाही आणि जास्तही नाही, तरच सगळ्यांच्या खाचा एका रेषेत येऊन बोल्ट सरकतो. हे तत्त्व इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये पक्कं केलं. पिनांच्या कुलपात स्प्रिंगवर बसलेल्या पिनांच्या जोड्या असतात, बहुधा पाच किंवा सहा. बरोबर किल्ली गेली की सगळ्या जोड्यांमधला सांधा एका पातळीवर येतो आणि सिलिंडर फिरतो. कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी, पण तिला आजचं छोटं, चपट्या किल्लीचं रूप दिलं ते अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्याने, १८६० च्या दशकात. आपल्याकडे आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. अलीगढने हाच धंदा घरोघरी पोसला, आणि तमिळनाडूतल्या दिंडीगलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या टेबलावर या सगळ्या घराण्यांची कुलपं येतात आणि त्यांची दुखणी मात्र एकसारखी असतात.

त्यातलं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे खोबरेल तेल. किल्ली अडली की घरात हाताशी तेच असतं. पहिले आठ दिवस किल्ली लोण्यासारखी फिरते. मग त्या तेलाला रस्त्याची धूळ, खिशातला कापूस, किल्लीवरून झिजलेलं पितळ असं सगळं चिकटतं. थंडीत पारा २४ अंशांच्या खाली आला की खोबरेल थिजतं. असा सिलिंडर उघडला की आत काळपट, चिकट लगदा निघतो. पिना त्यात रुतून अडकलेल्या असतात, त्यांच्यामागची स्प्रिंग नुसती दमलेली. मी सगळ्या पिना काढून ओळीने कागदावर ठेवतो, जशा निघाल्या त्याच क्रमाने, कारण प्रत्येकीची लांबी वेगळी असते आणि क्रम चुकला तर ती किल्ली त्या कुलपाला परकी होते. रॉकेलमध्ये धुतो, कोरड्या करतो, आणि ग्रॅफाइटची पूड घालून परत भरतो. घरी एवढं करायची गरज नाही. कुलूप अजून तेलात बुडालेलं नसेल तर शिसपेन्सिल किल्लीच्या खाचांवर दाबून घासायची आणि किल्ली पाच-सात वेळा आत-बाहेर करायची. तेवढ्याने काम होतं. फक्त तेल आणि ग्रॅफाइट एकत्र घालू नये, दोन्ही मिळून पुन्हा लगदाच होतो. तेल बिजागरीला द्यावं, बोल्टच्या कडेला मेण घासावं, किल्लीच्या भोकाला मात्र कोरडं ठेवावं.

दुसरं दुखणं किल्लीचं. किल्ली पितळेची असते, रोज खिशात नाण्यांशी घासते, झिजते. मग तिच्यावरून दुसरी काढतात, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेत थोडीथोडी चूक मिसळत जाते आणि पिनांना तेवढी चूक पुरते. म्हणून नव्या कुलपाबरोबर आलेल्या किल्ल्यांपैकी एक कधीही वापरायची नाही. तिला दोऱ्यात ओवून कपाटात ठेवायची आणि नक्कल काढायची ती तिच्यावरूनच. कुलूप अडू लागलं की आधी ती कोरी किल्ली घालून बघावी. तिने चाललं तर दोष कुलपात नाही. आणि किल्ली अर्धवट फिरवूनही बाहेर निघत असेल, तर आतल्या पिना झिजल्यात. तो सिलिंडर बदलायची वेळ झाली.

सिलिंडर बदलायचा म्हणजे अख्खं कुलूप बदलायचं नव्हे. हे सांगायला दुकानदार विसरतात. मॉर्टिस, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपात दाराच्या कडेला, पट्टीवर, सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो काढायचा, किल्ली घालून सरळ रेषेपासून किंचित फिरवायची म्हणजे आतली जीभ मार्गातून बाजूला होते, आणि सिलिंडर हातात येतो. नवा त्याच मापाचा घ्यावा, स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही बाजूंचं माप मोजून. बाहेरच्या बाजूला तो मूठपट्टीच्या पुढे डोकावता कामा नये, डोकावणारं टोक चोराच्या पकडीला सापडतं. हाच स्क्रू गरजेपेक्षा आवळला गेला, तर सिलिंडर ओढला जाऊन किल्ली जड होते. कित्येकदा अर्धा फेरा सैल केला, की जड झालेलं कुलूप सुटतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर माझ्याकडे गाळाने भरलेली कुलपं आली. पुराच्या पाण्यात माती इतकी बारीक असते, की ती पिनांच्या फटीतही जाऊन बसते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. त्या वेळी ज्यांनी घाईने तेल ओतलं, त्यांच्या कुलपांत तेल आणि गाळ एकजीव झाले. ज्यांनी कुलूप गाळ ओला असतानाच काढून स्वच्छ पाण्यात खळबळून धुतलं, उन्हात सुकवलं आणि मग ग्रॅफाइट दिलं, त्यांची पितळी सिलिंडरं वाचली. लोखंडी डब्या आणि पोलादी स्प्रिंगा मात्र गंजल्या. त्या वाचवण्यात अर्थ नव्हता. नदीकाठच्या गावांनी हे लक्षात ठेवावं: पूर ओसरल्यावर आधी पाणी, मग ऊन, तेल अगदी शेवटी, आणि तेही फक्त बिजागरीला.

कुलपाशी बोलायचं असतं ते बोटांनी. १८५१ मध्ये लंडनला जगातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने 'न उघडणारी' म्हणून नावाजलेली दोन इंग्रजी कुलपं उघडून दाखवली. त्याने ती फोडली नाहीत. हलका दाब देऊन कोणता भाग अडतो आणि कोणता सुटतो हे हाताने वाचत गेला. दुरुस्ती करणाऱ्यालाही हीच विद्या लागते. किल्ली किती कोनावर अडली, अडताना खट्ट झालं की मऊ थांबली, परत येताना कुठे खरखर आली, यावरून डबी उघडण्याआधीच आतलं चित्र उभं राहतं. ही विद्या हातात आली की जबाबदारीही येते. माणूस त्या घरचाच आहे याची शेजाऱ्यांकडून खातरजमा केल्याशिवाय मी बंद दार उघडत नाही, आणि साबणावरचा ठसा घेऊन आलेल्याला किल्ली करून देत नाही.

एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो. बाहेरचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. सुरक्षिततेच्या नावाखाली दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप बसवून घेतात आणि आतली किल्ली कुठल्यातरी खुंटीवर ठेवतात. रात्री आग लागली, धूर भरला, तर ती खुंटी कोणाला सापडणार? तसंच म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूमला आतली जड कडी नको. बाहेरून नाणं घालून फिरवता येणारं कुलूप मिळतं, ते बसवावं. आत कुणी पडलं तर दार फोडण्यात वेळ जाता कामा नये. कुलपाने चोराला अडवावं, घरच्या माणसाला अडवू नये.

आपल्या घराचं दार तपासायचं असेल तर एक करा. पावसाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, डाव्या हाताने कुलूप लावून उघडा. डावखुरे असाल तर उजव्याने. त्या हाताला तुमच्या दाराच्या युक्त्या माहीत नसतात, त्यामुळे तो सगळं खरं सांगतो. मीही दुरुस्ती झाली असं तेव्हाच मानतो, जेव्हा ते दार पूर्वी कधीच न उघडलेल्या एखाद्या मुलाच्या हातात किल्ली देतो आणि काही न सांगता ते दार उघडतं. पाहुण्याला "जरा उचलून धरा हं" असं सांगावं लागतं, तेव्हा आपलं दार दुरुस्तीला आलेलं असतं. त्याच आठवड्यात ते करून घ्यावं.