मधूक की मोह?

जर्मनीत मोझेल नावाची एक नागमोडी नदी आहे. तिच्या काठच्या उभ्या उतारांवर पाटीच्या दगडाची जमीन आहे, आणि तीत रीसलिंग नावाच्या द्राक्षाचे मळे आहेत. दिवसा तो दगड ऊन साठवतो आणि रात्री वेलींना परत करतो. या द्राक्षाची लेखी नोंद १४३५ सालापासून सापडते. बाटलीवर द्राक्षाचे, गावाचे, कधी मळ्याचेही नाव अभिमानाने छापतात. आणि ती माशाबरोबर घ्यावी की डुकराच्या मांसाबरोबर, यावर तिथली प्रतिष्ठित मंडळी गंभीरपणे वाद घालतात.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या. कळंब तालुक्यात जोडमोहा नावाचे गाव आहे, केळापूर तालुक्यात मोहदा आहे. गावांच्या नावांत झाडाचा असा घोष. पण त्या झाडाच्या फुलापासून निघणाऱ्या पेयाला ना बाटली, ना कुळगाव. त्याचे नाव कागदावर येते ते बहुधा पंचनाम्यात!

फाल्गुन सरत आला की घाटंजी, केळापूर, झरी-जामणीकडच्या रानांत हिंडून पाहावे. मोहाची पाने गळालेली असतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लोंबत असतात. फूल उमलते रात्री. वटवाघळे त्याची पाहुणी. पहाटे ती मांसल, फिक्कट पिवळी फुले टपटप गळू लागतात. उजाडण्यापूर्वीच कोलामांच्या पोडांवरून बायकापोरे टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. उशीर झाला तर अस्वल वाटेकरी होते, आणि त्याच्याशी हिशेब करणे सोपे नसते. वेचलेली फुले अंगणात वाळली की मनुकांसारखी दिसतात. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते.

ही फुले पाण्यात भिजवून आंबवायची, मडके चुलीवर चढवायचे आणि वाफ गार करून थेंब थेंब धरायचा. जर्मन द्राक्षरस नुसता आंबवलेला असतो. हा वाफेचा अर्क, म्हणून जहाल. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण यांतले काहीच त्याच्यावाचून पार पडत नसे. पहिले चार थेंब देवाला आणि पूर्वजांना जमिनीवर वाहायचे, मग माणसांनी. सोबतीला भाजलेले मासे, कोंबडीचा तिखट रस्सा, ज्वारीची भाकर. या बेताची चव मोझेलकाठच्या पंगतीहून कमी दर्जाची कशी म्हणावी?

पण मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. फुले उकडून खातात, भाजून तिळाबरोबर कुटतात, पिठात मिसळतात. बियांचे तेल काढतात. कोठार रिते असलेल्या दिवसांत हेच पोटाला आधार. सरकारला मात्र फुलात फक्त भट्टी दिसली. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास कायदा करून फुले बाळगण्यावरच बंधन घातले गेले. वऱ्हाड तेव्हा वेगळ्या कारभारात होता. पण फुलाकडे संशयाने पाहण्याची दृष्टी पुढे इकडेही रुजली. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले वेचण्यावरचे व बाळगण्यावरचे निर्बंध सैल केले.

म्हणजे दारूचे गुणगान करायचे काय? मुळीच नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे, आणि आमच्या जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या आहेत. ज्यांच्या घरातली मजुरी गुत्त्यात जाते, त्यांचा संताप खरा आहे. पण सणाला चार थेंब वाहणारा पोड वेगळा आणि रोज पिंप रिचवणारा धंदा वेगळा. दोघांना एकाच दोरीने बांधले की शिक्षा टोपलीवालीला होते. स्वस्तात फुले उचलणारा सुटतो.

मराठी शिकवणाऱ्याला इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोह म्हटले की आपल्याला भुरळ आठवते, आणि झाडाचेही नाव त्यावरूनच पडले असे पुष्कळांना वाटते. पण झाडाचे मूळ नाव मधूक. त्यात मध आहे, भूल नाही. कालिदासाच्या रघुवंशात, सहाव्या सर्गात, स्वयंवराला उभ्या इंदुमतीच्या अंगावर दूर्वा गुंफलेली मधूकफुलांची माळ आहे. आणि ही इंदुमती कुठली? विदर्भाची! आमच्या राजकन्येने जे फूल मंगलप्रसंगी मिरवले, ते आज टोपलीतून नेणाऱ्या कोलाम बाईला खाकी कपडा दिसताच पदर सावरावा लागू नये, एवढे तरी आपण त्या झाडाचे देणे लागतो.