अठरा पूर्ण झाल्यावर

‘अनाथ मुलांच्या संस्थांना मदत कशी करावी’ यावर लिहा, असं संपादकांनी कळवलं. मी वायरिंग शिकवणारा माणूस. आयटीआयमध्ये मुलांना इलेक्ट्रिशियनचं काम शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली, आता हैदराबादेत जुन्या इमारतींची वीजतपासणी करतो. लेख हे माझं काम नव्हे. तरी होकार दिला, कारण अफझलगंजातलं एक प्रकरण डोक्यातून जात नाही.

सालारजंग संग्रहालय पाहून नयापूल ओलांडला की मुसी नदीच्या पलीकडच्या काठावर अफझलगंज लागतं. पाचवा निजाम अफजलुद्दौला याच्या नावाची ही पेठ. २८ सप्टेंबर १९०८च्या मुसीच्या पुरानं हा सगळा भाग धुऊन नेला. आज तिथे उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची इमारत आहे, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि मागे बेगमबाजारापर्यंत घाऊक मालाची दुकानं. अशा दाटीत मोठ्या अनाथ मुलांचं एक वसतिगृह आहे. एका कंपनीनं धर्मादाय निधीतून त्याचं नूतनीकरण केलं आणि उद्घाटनाआधी विजेचा भार तपासायला मला बोलावलं.

भिंतींना नवा रंग होता, फरशी नवी, संगणकांची खोली थंडगार. मी स्विचबोर्ड उघडला. हिरवी वायर बोर्डापर्यंत आली होती आणि तिथेच संपली होती. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर तिला जमिनीत जायची वाट हवी, नाहीतर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. त्यासाठी आवारात खड्डा घेतात, त्यात तांब्याचा ६० सेंटिमीटर चौरस पत्रा उभा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरतात, वरून पाणी घालत राहतात. लोखंडी नळी वापरली तर ती अडीच मीटर खोल जायला हवी. जोडीला ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी हवा, कारण साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. वायरिंगचं इन्सुलेशन पाचशे व्होल्टच्या मेगर नावाच्या मापकानं मोजायचं. त्यात ही इमारत चुन्याची, भिंती दोन फुटी. अशी भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आतच राहते आणि पहिल्यांदा स्विचबोर्डाच्या खोक्यात उतरते. एवढं सगळं वाचकानं लक्षात ठेवायला नको. रंग डोळ्यांना दिसतो आणि अर्थिंग दिसत नाही, म्हणून देणगी रंगाला मिळते, एवढं ठेवा.

खड्डा आम्ही घेतला. ‘आम्ही’ म्हणजे मी, एक परवानाधारक वायरमन आणि तिथलीच सोळा-सतरा वर्षांची पाच-सहा मुलं. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात ठेवली. मुलांनी पाइप कापले, वायरी ओढल्या, बोर्ड भरले, मेगर फिरवून आकडे वहीत लिहिले. ते काम आजही कुणाही निरीक्षकाला दाखवावं असं आहे, हे मी अभिमानानं सांगतो. भांडण सुरू झालं ते मुलांनी काम करण्यावरूनच. उद्घाटनाला आलेल्या एका पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ही बालमजुरी नाही का?’

हा प्रश्न मला सगळीकडे विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो. १८५०मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं उमेदवारीचा कायदा केला, तो मुळात अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांसाठीच होता. दहा ते अठरा वयाचं मूल कारागिराकडे सात वर्षांपर्यंत बांधून देता येत असे. त्यात हुन्नर होता आणि गुलामीला वावही होता. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं तो मोडीत काढला. आता उमेदवारी चौदाव्या वर्षी सुरू होते, धोकादायक उद्योगांत अठराव्या. बालमजुरी कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवणं गुन्हा आहे. २०१५चा बाल न्याय कायदा संस्थांना कौशल्यशिक्षण द्यायला सांगतो. त्याच कायद्याचं कलम ७९ मुलाला कामाला जखडून ठेवणाऱ्याला, त्याची कमाई अडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखाचा दंड सांगतं. रेषा मला यातूनच दिसते. वीज बंद आहे का, शिकवणारा शेजारी उभा आहे का, मूल नियमित शाळेत जातं का, आणि विद्यावेतन त्याच्या स्वतःच्या खात्यात पडतं का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर ते शिक्षण आहे. यातलं एकही ‘नाही’ असेल तर पाहुण्यांचं बरोबर आहे आणि काम तिथेच थांबवावं. मुलांनी कामाला हातच लावू नये, फक्त फळ्यावर आकृती पाहावी, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही. हातानं काम शिकवणं अशा संस्थांना नवं नाही: पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानं स्वतःचा छापखाना चालवला; आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून तीच संस्था मुद्रण आणि अभियांत्रिकी शिकवते.

मुलींच्या संस्थांत तर मेंदी आणि शिलाई मशीन यांच्यापुढे कुणी जात नाही. कंट्रोल पॅनेलच्या बारीक जोडण्यांना मुलींइतका स्थिर हात मी फार थोड्या मुलांचा पाहिला आहे.

आता प्रकरणाकडे येतो. त्या मुलांतला एक कामात सगळ्यांच्या पुढे होता. त्याची शाळा मधे दोन-तीन वर्षं तुटलेली, त्यामुळे दहावी झाला तेव्हा अठरावं चालू होतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा, आणि चालू लाइनला अठराच्या आत हात लावायचा नाही. म्हणजे या धंद्याचं खरं शिक्षण अठराव्या वर्षी सुरू होतं. त्याच वर्षी संस्थेतली त्याची खाट जाते. त्याच्याजवळ एका एजन्सीचं तीन महिन्यांचं सर्टिफिकेट होतं, त्याला कुठेच मान्यता नव्हती. ट्रूप बाजारातल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानात मी त्याला घेऊन गेलो. मालकानं त्याचं काम पाहिलं, खूश झाला आणि विचारलं, ‘जमानत कौन देगा?’ मी द्यायला तयार होतो. पण राहायला जागा कुठली, कायमचा पत्ता कोणता, रात्री माल आला तर बोलवायचं कुठे, या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आज तो बेगमबाजारात गोदामाच्या माळ्यावर झोपतो आणि पोती उचलतो. ज्या हातांनी त्यानं मेगर फिरवला, त्या हातांनी.

कायदा इथे मुका नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ४६ अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, सांगतं, आणि मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. पण अर्ज कुणीतरी करावा लागतो, आणि हे कलम स्वतःहून सांगणारा अधीक्षक मला क्वचितच भेटला. कंपन्यांची गोष्टही तशीच. समाजकार्यासाठी कायद्यानं ठरवलेला नफ्याच्या दोन टक्क्यांचा (सीएसआर) निधी आर्थिक वर्षाच्या आत खर्च करायची घाई असते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगाचे डबे येतात. वास्तविक सीएसआरच्याच नियमांत चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत पैसे लावता येतात. अठरा ते एकवीस, नेमकी तीनच वर्षं. हे मी बऱ्याच बैठकांत मांडलं. माना हलतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा रंगच येतो. आता बोलायचा कंटाळा येतो. एकटा माणूस हे कितपत बदलू शकतो याबद्दल शंकाही येते. पण दर वर्षी अशा संस्थांतून कुणी ना कुणी अठराचा होतोच.

या दिवाळीत आपल्या गावातल्या संस्थेला काही द्यायचं ठरवलं असेल, तर आधी एवढं विचारा: यंदा अठरा पूर्ण होणारी मुलं-मुली किती, आणि पुढच्या महिन्यात ती झोपणार कुठे? त्यांच्यातल्या एकाची तीन वर्षांची खोली, आयटीआयची फी, हत्यारांची पेटी आणि जामिनाची सही एवढं चार घरांनी मिळून उचलावं. आणि संस्थेत गेलाच आहात, तर स्विचबोर्ड उघडून हिरवी वायर कुठे संपते तेही परवानाधारक माणसाकडून पाहून घ्यावं.