माळेगावच्या जत्रेतून लातूरकडे

मार्गशीर्षात माळेगावची जत्रा भरते, तेव्हा नांदेडहून लातूरला निघालेल्या माणसाला लोह्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळत नाही. मला तो मोकळा नकोच होता. लातूरच्या एका जुन्या साउंडवाल्या मित्रानं नव्या बेसपेट्या बांधल्या होत्या आणि त्या ऐकायला ये म्हणून निरोप धाडला होता. वाटेत खंडोबाच्या जत्रेत उतरायचं, हे मी निरोप आला तेव्हाच ठरवलं.

निघण्याआधी पहाटे सचखंड गुरुद्वाऱ्यात बसलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथं देह ठेवला. आजही रोज गोदावरीचं पाणी गागरीतून आणलं जातं, आणि कीर्तन तर बाहेर अंधार असतानाच सुरू झालेलं असतं. धंद्यानं साउंडवाला असल्यामुळं माझं लक्ष आधी आवाजाकडं जातं. पेटी, तबला आणि गळा. शब्द पुढं, बाकी सगळं मागं. एवढ्या मोठ्या आवारात कुठंही बसा, गाणारा शेजारी बसून गातोय असं वाटतं. आवाज न चढवता माणसाला धरून ठेवता येतं, हे मी या गावात राहून ऐकत आलो.

डीजेचं शिक्षण मात्र मंडप-लाउडस्पीकरच्या दुकानात झालं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आहुजाचा अँप्लिफायर, दोन भोंगे, दोन टेपरेकॉर्डर, एवढा पसारा. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत मधे जी शांतता पडायची तेवढ्यात नाचणारी माणसं पाणी प्यायला जायची आणि परत यायची नाहीत. म्हणून मी दोन टेप एकमेकांवर चढवायला लागलो. टेपरेकॉर्डरच्या मोटरला मागच्या बाजूनं एक बारीक भोक असतं, आत एक स्क्रू. घड्याळजीचा पेचकस घालून तो केसभर फिरवला की कॅसेटचा वेग कमीजास्त होतो. एका कानाला चालू गाणं, दुसऱ्या कानाला येणारं, आणि बोटात तो पेचकस. दोन्ही ठेके एकावर एक बसले की पोटात कळायचं. ‘बीटमॅचिंग’ हा शब्द कानावर पडला तो फार नंतर.

पुढं पुण्यात नोकरीला गेलो आणि नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात गोव्याला, हणजुण्याच्या किनाऱ्यावर. तिथं गोवा गिल वाजवायचा. कॅलिफोर्नियातून सत्तरच्या आसपास भारतात आलेला, जटाधारी, साधूची दीक्षा घेतलेला माणूस. २०२३ च्या ऑक्टोबरात गोव्यातच वारला. त्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नाहीत, म्हणून ही मंडळी डॅट टेपवर वाजवायची. मला ते फार जवळचं वाटलं. जगात नाव काढलेला माणूसही टेपच लावतो! गाणं नव्हतं, मुखडा नव्हता, अंतरा नव्हता. एक ठोका, त्याखाली सरपटणारा बेस, आणि पहाटेपर्यंत न थांबणारे पाय. मग शोधत शोधत डेट्रॉइटपर्यंत पोचलो: हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन. मोटारींचे कारखाने बंद पडत चाललेल्या त्या शहराजवळच्या कृष्णवर्णीय पोरांनी स्वस्तात मिळालेल्या यंत्रांवर टेक्नो उभा केला. मिनिटाला १२० ते १३५ ठोके, यंत्राच्या शिस्तीत.

तो ठोका घेऊन मी नांदेडला परतलो. नुसता टेक्नो ऐकायला सुपारी कोण देणार? मी तो भीमगीतांखाली घातला, प्रल्हाद शिंद्यांच्या भरदार आवाजाखाली घातला, वरातीत दोन गाण्यांच्या मधल्या जागेत निव्वळ ठोकाच सोडून दिला. आणि लोक थांबले नाहीत. पुण्यातल्या हॉटेलांत ज्या संगीताला पाय लागायला अर्धा तास जायचा, त्यावर परभणी-हिंगोलीकडची माणसं पहिल्या चार ठोक्यांत आत यायची. असं का, याचं उत्तर माळेगावात आहे असं मला फार वर्षांपासून वाटत होतं.

एसटीतून उतरलो तेव्हा जत्रा भर चढलेली. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, पलीकडं घोड्यांचा, उंटांचा, गाढवांचा बाजार, तमाशाच्या फडांचे तंबू, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर. मी वाद्यांच्या मागं लागलो. एका झाडाखाली वाघ्या-मुरळी होते. वाघ्याच्या हातात दिमडी, जोडीदाराकडं तुणतुणं, मुरळीच्या हातात घोळ. तुणतुण्याची एकच तार, एकच स्वर, तासन् तास. दिमडी त्यावर फिरत राहते आणि घोळ मधूनच चमकतो. टेक्नोत आम्ही जे करतो ते हेच: एक न हलणारा स्वर, एक फिरणारा ठेका, आणि वरून अधूनमधून येणारा झणत्कार. ऐकणाऱ्याला वाट बघायला लावायची, आणि त्या वाट बघण्यातच त्याला नाचवायचं.

थोडं पुढं दोन हलगीवाले काडीकचऱ्याचा जाळ करून हलग्या शेकत बसले होते. कातडं थंडीनं सैल पडतं. शेकलं की ताणतं आणि आवाज कडक निघतो. त्यातला म्हातारा हलगी जाळावर धरायचा, काढायचा, बोटानं टिचकी मारून कानाशी न्यायचा, परत धरायचा. मी शेजारी बसलो.

‘‘कुठं चाल्लाव?’’

‘‘लातूरला. डीजे वाजवतो मी.’’

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. ‘‘नातू बी तेच करतंय माझा. बटनं दाबतंय. हे शिक म्हनलं तर हात दुखतेत म्हनतंय.’’

‘‘मला ऐकवता का बाबा?’’

उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचीक काडी. टिपरू ठोका देतं आणि काडी त्याच्या मागंपुढं तडतडत राहते. मी मोबाइलवर ठोके मोजायचं अ‍ॅप लावलं. आकडा एका जागी ठरेना. समोर एक बाई देव खेळायला लागली, तशी हलगी केसभर पुढं सरकली; बाई दमली, तशी मागं आली. म्हातारा हलगीकडं बघतच नव्हता. त्याची नजर त्या बाईच्या पावलांवर होती.

आमच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या या ठोक्यावर पाय टाकलेत. लग्न, जत्रा, बैलपोळा, मयतसुद्धा. यंत्राचा ठोका इथं आला तेव्हा त्याला तयार पाय मिळाले, आणि ते पाय हलगीवाल्यांच्या घरांनी तयार केले होते. त्यातली बहुतेक घरं मातंग समाजाची. गावानं त्यांच्या ठेक्यावर नाचायचं आणि पंगतीला त्यांना लांब बसवायचं, ही रीत मी लहानपणी डोळ्यांनी बघितली आहे. आता त्याच घरांतली पोरं डीजेच्या गाड्यांवर ऑपरेटर आहेत. लोक त्यांना ‘डीजेवाले दादा’ म्हणतात, हे मला मनापासून आवडतं. आजोबांची ती पावलांवरची नजर मात्र त्यांच्यापर्यंत पोचायला हवी, याचा घोर लागून राहतो.

अहमदपूर मागं पडलं. चाकुरात एक आयशर उभी दिसली म्हणून उतरलो. रात्रीचा कार्यक्रम आटोपून आलेली. पुढं जनरेटर, मधे अँपचा रॅक, मागं १८ इंची बेसच्या पेट्यांची भिंत. ऑपरेटर वीस-बावीसचा. मी काय विचारतोय ते त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, तेव्हाच ओळखलं. ‘‘कानात शिट्टी वाजते का रे?’’ तर म्हणाला, ‘‘हाव काका, झोपताना लई वाजते. सगळ्यांचीच वाजते की.’’

सगळ्यांचीच वाजते हे खरं, माझीही वाजते. ८५ डेसिबलला आठ तास कान टिकतो असं धरतात. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला पोचलो की उरतात १५ मिनिटं. ही पोरं त्याहून मोठ्या आवाजाच्या पुढ्यात रात्रभर उभी असतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री दहानंतरच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००५ चा. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. घराघरांत म्हातारी माणसं असतात, बाळंतिणी असतात. पण मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की भिंत जेवढी उंच तेवढा डीजे मोठा, अशी शर्यत लागल्यावर ऑपरेटरला माणसं दिसेनाशी होतात. छाती हादरली की लोक उड्या मारतात, आणि त्या उड्यांनाच तो नाच समजतो. पिशवीतले कानात घालायचे बोळे त्याला दिले आणि कसे बसवायचे ते दाखवलं.

लातुरात शिरल्यावर गंजगोलाई. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात त्या गोलाला एक फेरी मारल्याशिवाय लातूरला आल्यासारखं वाटत नाही. याच शहरातून १९९३ साली मी आहुजाचा तोच अँप्लिफायर घेऊन किल्लारीकडं गेलो होतो. गणपती विसर्जनाची रात्र, लोक मिरवणुकीवरून दमून झोपलेले, आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. हजारो माणसं घरांच्या दगडमातीखाली गेली. ज्या भोंग्यातून आदल्या आठवड्यात आरत्या लावल्या, त्यातून मी मदतछावणीत बेपत्ता लोकांची नावं पुकारत होतो. एक नाव पुकारायचं, थांबायचं, कुणी पुढं येतंय का बघायचं, मग पुढचं. त्या थांबण्यात जे ऐकलं ते अजून कानात आहे. त्यानंतर कित्येक दिवस दोन गाण्यांच्या मधे जागा सोडायला माझा हात धजत नसे.

आणि २०१६ चा दुष्काळी एप्रिल. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला ‘सैराट’ लागला. हंडे रांगेत आणि टपरीवर ‘झिंगाट’. त्या उन्हाळ्यात आम्हाला काम फार थोडं मिळालं. जी काही लग्नं झाली त्यांत मात्र त्या गाण्यावर माणसं अशी नाचली, की वर्षभराचा साचलेला ताण त्यांना एका गाण्यात मोकळा करायचा होता.

मित्राच्या शेडमधे पोचेपर्यंत दिवे लागले होते. पेट्या त्यानं छान बांधल्या होत्या. प्लायवूड जाड, आतले टेकू पक्के. ‘‘तुझं काय लावतोस?’’ त्यानं विचारलं. मी चरणजित सिंग लावले. मुंबईच्या सिनेमासंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडच्या ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीची एक तबकडी केली. ती तेव्हा चालली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोतून आलेल्या अ‍ॅसिड हाउसचा तोच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी वाजून गेला होता. उतारवयात हा माणूस परदेशातल्या मंचांवर तीच यंत्रं घेऊन वाजवून आला आणि २०१५ मधे गेला.

मालकंस सुरू झाला. शेडमधली पोरं वायरी गुंडाळता गुंडाळता थांबली. ‘‘काका, हे कुनाचं हाय? नवीन आलंय का?’’

‘‘तुझा बाप शाळेत होता तेव्हाचं आहे.’’

मी आवाज खाली घेतला, इतका की एकमेकांशी बोलता यावं, आणि माळेगावात मोबाइलवर घेतलेली हलगी दुसऱ्या चॅनलला लावली. अर्थातच बसेना. ८०८ सरळ रेषेत चाललेला, हलगी बाईच्या पावलांमागं. एक पोरगा लॅपटॉप ओढून म्हणाला, ‘‘सॉफ्टवेअरमधे सरळ करू का? दोन मिनटाचं काम हाय.’’

‘‘हलगी सरळ करू नको. यंत्राला हलगीच्या मागं चालव. पिच हातानं धर. स्क्रीनकडं बघायचं नाही.’’

त्यानं फेडरवर बोट ठेवलं. चुकला. परत धरला. मित्रानं शेडचं दार ओढून घेतलं आणि चहा सांगितला.