एकशेसाठ बैल

मालमोटारींच्या दुकानात पाऊल टाकण्याचा प्रसंग माझ्यावर साठी उलटेपर्यंत आला नव्हता. आमच्या मानोऱ्यात मोटारी दिसतात त्या रस्त्यावर, धुळीने माखलेल्या, पाठीवर तुरीची नाही तर सोयाबीनची पोती घेतलेल्या. कोऱ्या करकरीत असताना त्या कशा दिसतात, याचे कुतूहल मला कधी वाटले नाही. पण २०२५ च्या भाद्रपदात माझा पुतण्या सकाळीच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुमी सोबत चाला. पिकअप पाहाले जायचं हाय. तुमी असले म्हंजे बाबा नाही म्हननार नाहीत."

मुहूर्त त्याने आधीच शोधून ठेवला होता. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, आणि नेमका त्याच दिवसापासून मालवाहू गाड्यांवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर यायचा होता. देवी आणि सरकार एकाच दिवशी प्रसन्न होत असतील तर काकाने आडवे का यावे? मी टोपी घातली आणि निघालो. दादाही आला. तो काही बोलला नाही. माझा हा थोरला भाऊ मुळातच कमी बोलतो, आणि मनाला लागलेल्या गोष्टीविषयी तर बोलतच नाही.

शहरातल्या त्या दुकानात नव्या पिकअपांची ओळ लग्नाच्या पंगतीसारखी मांडली होती. तेथला तरुण मुलगा तोंडपाठ आरती म्हणावी तसा बोलत होता. महिंद्रांची बोलेरो मॅक्स पिकअप ही मालिका एप्रिल २०२३ मध्ये निघाली. एकाच घराण्यातली ही भावंडे, पण कोणी सव्वा टनाहून थोडे अधिक उचलते, तर कोणी चांगले दोन टन. कोणी डिझेलवर चालते, कोणी गॅसवर. सर्वांत थोरल्या भावंडाचा हौदा तीन मीटरांहून थोडा लांब, म्हणजे दहा फूट. मालिका निघाली तेव्हा सर्वांत धाकट्याची किंमत सात लाख पंच्याऐंशी हजार होती. टाटांनीही २०२२ मध्ये दोन टनांची योद्धा बाजारात आणली होती. २००५ साली त्यांचाच 'छोटा हत्ती' आला, तेव्हा पाऊण टन माल नेणारी ती चिमुकली गाडी पाहून आम्ही तोंडात बोट घातले होते. वीस वर्षांत हत्तीपुढे योद्धे उभे राहिले.

"इंजिनाची ताकद एकोणसाठ पूर्णांक सात किलोवॅट," मुलगा म्हणाला.

दादाने इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडले. "म्हंजे किती बैलायचा जोर हाय हिच्यात?"

मुलगा गोंधळला. पुतण्याची मान खाली गेली. मला मात्र मोठी मौज वाटली, कारण दादाचा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नव्हता. अडीचशे वर्षांपूर्वी जेम्स वॅट आपली वाफेची यंत्रे विकायला निघाला, तेव्हा गिऱ्हाइके त्याला हेच विचारत: तुझे यंत्र किती घोड्यांचे काम करील? त्याने हिशेब मांडला की एक घोडा मिनिटाला तेहतीस हजार पौंड वजन एक फूट उचलतो, आणि त्याचे नाव ठेवले अश्वशक्ती. बैलाचा जोर साधारण अर्ध्या अश्वशक्तीचा धरतात. जोडी मिळून एक. मी बिलाच्या कागदामागे आकडे मांडले. एकोणसाठ पूर्णांक सात किलोवॅट म्हणजे ऐंशी अश्वशक्ती, म्हणजे ऐंशी जोड्या.

"एकशेसाठ बैल, दादा," मी म्हणालो.

दादाने गाडीच्या झाकणाकडे एकदा पाहिले. एवढी जनावरे आत गपचूप उभी आहेत, यावर त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मुलाने मग पिळाचा जोर सांगितला, दोनशेवीस न्यूटन मीटर. याचा साधा अर्थ असा की मीटरभर लांब दांडी आडवी धरून तिच्या टोकाला साडेबावीस किलो टांगले, तर दांडी जितकी पिळवटेल तितका जोर इंजिनाचा दांडा देतो. एवढाच? असे आपल्याला वाटते. पण पुढे दाती चक्रे असतात. ती हा जोर कित्येक पटींनी वाढवतात, आणि जितक्या पटींनी वाढवतात तितक्याच पटींनी वेग कमी करतात. म्हणून चढावर पहिल्या गिअरात गाडी गुरगुरते फार आणि सरकते थोडी. फुकट काही मिळत नाही. जोर हवा तर घाई सोडावी लागते. हे मी दादाला समजावून दिले तेव्हा तो चटकन म्हणाला, "बैलबी चढावर तसाच. पाय रोवते अन् हळू चालते." माझ्या दहा वाक्यांचे काम त्याने दोनांत केले.

शेवटी पुतण्याने फोन काढून दाखवला. गाडी कोठे उभी आहे, कोठे चालली आहे, हे घरबसल्या मोबाइलवर दिसते म्हणे. दादा एवढेच म्हणाला, "आपला पाखऱ्या न सांगता घरी येत होता."

पिकअप हा प्रकार तसा जुना आहे. अमेरिकेत फोर्डने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीला मागे हौदा बसवून दोनशे एक्क्याऐंशी डॉलरांना विकायला काढले; तिची शक्ती वीस घोड्यांची होती. आज तिकडे चारशे घोड्यांच्या पिकअपा मिळतात, आणि आपल्या पंचांगाप्रमाणे येत्या सालाचे नाव लावून त्या आदल्याच वर्षी बाजारात येतात. त्यांतल्या पुष्कळशा एका माणसाला कचेरीत नेतात आणि परत आणतात. चारशे घोडे आणि एक कारकून! आमच्याकडे असली चैन नाही. येथे पिकअप घेतली की तिने कमवायचे असते.

आणि कमवण्याआधी तिच्यासाठी भरायचे असते. घरी आल्यावर हिशेब झाला. कर्ज मिळणार होते, पण सुरुवातीचा भरणा पुरा पडत नव्हता. वहिनी चुलीजवळून म्हणाल्या, "गाडीत जलमला थो, गाडीच मांगन." हे अक्षरशः खरे आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रात्री जीप मिळाली नाही म्हणून दादाने बंडी जुंपली होती, आणि दवाखाना गाठण्याआधीच, दिग्रसच्या रस्त्यावर, भिजलेल्या ताडपत्रीखाली या पोराने पहिला टाहो फोडला. त्या रात्री वहिनी कशाबशा वाचल्या. बैलगाडीविषयी गहिवरून लिहिणाऱ्यांनी ती रात्र पाहिलेली नसते. वहिनींनी पाहिली होती, म्हणून पिकअपला घरात पहिली संमती त्यांची होती.

दादा रात्रभर ओसरीवर बसून होता. सकाळी म्हणाला, "जोडी विकू."

पोळ्याला शिंगे रंगवून जेमतेम महिना झाला होता. पाखऱ्या आणि मोऱ्या अजून बेगडासकट गोठ्यात उभे होते. गुरांचा बाजार दूर, आणि दिवस उन्हाचे. बैलांना चालवत नेले तर ते थकलेले दिसणार आणि भाव पडणार. म्हणून पुतण्याने मित्राची पिकअप भाड्याने आणली. फळी लावून बैल वर चढवले. पाखऱ्या सहज चढला, मोऱ्या अडला. जन्मभर ज्याने गाडी ओढली, त्याला गाडीत चढायचे म्हणजे काय ते उमगेना. दादा स्वतः हौद्यात उभा राहिला, त्याच्या कपाळावर हात ठेवला, तेव्हा तो आला. पुतण्या हळू चालवत होता. हौद्यात दोन बैल आणि मधे माझा भाऊ, असे ते तिघे बाजाराला गेले. दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याने जोडी घेतली. माणूस चांगला होता. त्याने बैलांच्या वशिंडावरून आधी हात फिरवला, दात मागाहून पाहिले.

परतताना दादा माझ्या शेजारी पुढे बसला. मांडीवर कासरे आणि दोन घुंगरमाळा होत्या. रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला आदळत होती. भरलेली गाडी जड असते पण स्थिर असते. तिचे पाटे भाराने दबतात आणि धक्के सोसतात. रिकामी गाडी हलकी असून अंगातले हाड न् हाड खिळखिळे करते. दादाच्या मांडीवरची घुंगरे प्रत्येक खड्ड्याला वाजत होती आणि तो दोन्ही हातांनी ती दाबून धरत होता.

त्या वाटेवर मला आमच्या तालुक्यातले तांडे आठवले. मानोरा म्हणजे पोहरादेवीचा तालुका. बंजारा समाजाची ही काशी. सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, रामनवमीला लाखोंची यात्रा भरते, आणि या समाजाचा इतिहास सांगणारे नगाराच्या आकाराचे संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथेच उघडले. या लोकांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षे हिंदुस्थानची मालवाहतूक केली. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते धान्य नेत, मोगलांच्या फौजांनाही पुरवत. पण त्यांची खरी हुशारी परतीच्या वाटेत होती. धान्य घेऊन समुद्राकडे जायचे आणि मीठ घेऊन देशात यायचे. लवण वाहणारे म्हणून लमाण, असे सांगतात. बैलाची पाठ दोन्ही वेळा भरलेली. पुढे १८५३ साली आगगाडी आली, सडका झाल्या आणि तो व्यापार बुडाला. मानोऱ्याला मात्र आगगाडी कधी आलीच नाही. कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला होती, तीही थांबली. उरली ती पिकअप.

घरी पोचल्यावर हे सारे मी दादाला सांगितले. त्याने मान हलवली, पण उत्तर दिले नाही. ते त्याने पाडव्याला दिले.

दसऱ्यानंतर गाडी घरी आली होती. पाडव्याच्या सकाळी वहिनींनी तिला ओवाळले, चाकांखाली लिंबे ठेवली. पुतण्या पहिल्या खेपेला निघाला होता. हौद्यात आमची आणि शेजाऱ्यांची सोयाबीनची पोती, बरोबर वीस क्विंटल. आणखी पाच सहज बसली असती, गाडीनेही ओढली असती. दादानेच ती उतरवली होती. "बैलाले बोलता येत नाही, हिलेबी येत नाही," एवढेच म्हणाला. मग त्याने एक घुंगरमाळ आणून समोरच्या आरशाखाली बांधली आणि पोराला विचारले, "जातानी तं समदेच भरून नेतात. येतानी काय आनशीन?"

पुतण्या गडबडला. एकशेसाठ बैलांची शक्ती, दोन टनांचा भार, दहा फुटांचा हौदा, सारे आकडे त्याला पाठ होते. हा आकडा दुकानात कोणी सांगितला नव्हता. रिकामा बैल चारा खातो, तशी रिकामी गाडी डिझेल खाते, आणि हप्ता तर उभ्या गाडीचाही भरावाच लागतो. पुतण्या क्षणभर थांबला आणि मग फोन घेऊन गल्लीत गेला. दहा मिनिटांनी परत आला तो चार नावे कागदावर लिहून.

रात्री नऊच्या सुमारास घुंगरांचा आवाज आला. दादा जेवण सोडून उठला, हातात बॅटरी घेऊन अंगणात गेला आणि थेट गाडीच्या मागे जाऊन हौद्यात उजेड टाकला. चार शेतकऱ्यांची हरभऱ्याच्या बियाण्याची पोती, आणि एका कोपऱ्यात ढेपेची तीन. दादाने गाडीच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारली, दमून आलेल्या जनावराच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी.

"भरून आनली," तो म्हणाला. "चाल, आता जेव."