रेंगाळलेले वादळ

धावत्या वादळापेक्षा रेंगाळणारे वादळ अधिक जीव खाते. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही बडोद्यास रोज सकाळी चहाबरोबर नकाशा उघडून बसत असू. ६ जूनला अरबी समुद्रात उठलेले ते चक्रीवादळ स्वतःभोवती भयंकर वेगाने गरगरत होते. पुढे सरकताना मात्र बैलगाडीची चाल! वादळाला स्वतःची अशी वाट नसते. भोवतालचे वारे नेतील तिकडे ते जाते, आणि ते वारेच त्या दिवसांत दुबळे होते. म्हणून कोणी त्याला ओमानकडे धाडी, कोणी कराचीकडे. बांगलादेशाने दिलेले त्याचे नाव ‘बिपरजॉय’, म्हणजे आपला ‘विपर्यय’. नाव अन्वर्थकच म्हणायचे.

आमची धाकटी बहीण कच्छात मांडवीस असते. फोन करावा, तर उत्तर ठरलेले : “दादा, इथं ऊन पडलंय.” निघून ये म्हणावे, तर कोणत्या दिवशी? वाट पाहून कंटाळलेला माणूस सावधपणा टाकतो, आणि आम्हांस धास्ती होती ती त्याचीच. ९ जून १९९८ च्या वादळाने गुजरातेत हजाराहून अधिक माणसे नेली. कांडल्याच्या मिठागरांतले मजूर त्यांत कितीतरी.

अखेर १४ तारखेस ती मुलांसह भुजला नणंदेकडे गेली. किनाऱ्यालगतची सुमारे एक लाख माणसे सरकारने हलविली होती. १५ च्या सायंकाळी जखौ बंदरापाशी वादळ जमिनीवर चढू लागले, आणि तेवढ्यासाठीही त्याने जवळजवळ मध्यरात्र केली. फोन लागेना. पहाटे निरोप आला : वीज नाही, शेजारचे पत्रे उडाले, मुले झोपली आहेत.